नमुनेसाहेबांसाठी स्वयंपाक

दादाने स्वयंपाक करायचं जाहीर केलं, तेव्हा वहिनीने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात दादाने स्वयंपाकघरात केलेलं एकमेव काम म्हणजे दारात उभं राहून "झालं का?" असं विचारणं. खाली किराणा दुकान, वर घर. सकाळी आठला जिना उतरायचा, दुपारी एकला चढायचा, हात धुवायचे आणि पहिला घास घेऊन "आज मीठ कमी वाटतंय" म्हणायचं, एवढाच त्याचा आणि पाकशास्त्राचा संबंध. मालाची पारख मात्र त्याच्यासारखी कुणाला नव्हती. तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो किती महिन्यांचा आहे ते सांगायचा. पण त्या तांदळाचा भात होतो कसा, हे गुपित वहिनीने त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारून तिला कधी अडचणीत आणलं नव्हतं.

"रविवारी धाकटा जेवायला येतोय ना, तर सगळं मी करणार," दादा म्हणाला. "तू फक्त बसून राहा."

धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्याला दुकानाच्या जिवावर वाढवला, शिकवला, रसायनशास्त्राची पदवी घ्यायला लावली. हे तो अधूनमधून बोलूनही दाखवायचा, बिचाऱ्याला विसर पडू नये म्हणून. मग धाकटा सरकारी नोकरीत लागला. अन्न तपासनीस. दुकानादुकानांत जायचं, मालाचे नमुने घ्यायचे, लाखेचं सील करून प्रयोगशाळेत पाठवायचे. बाजारात त्याला नमुनेसाहेब म्हणायचे. तोंडावर आदराने आणि पाठ फिरली की दुसऱ्याच सुरात.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी अकरा वाजता हे नमुनेसाहेब दादाच्याच दुकानात आले. दादाने कौतुकाने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. साहेब उभेच. मिरचीपुडीच्या पोत्यात चमचा घातला, पाकिटं भरली, सील केली आणि कागद पुढे करून म्हणाले, "दुकानमालकांनी इथे सही करावी." दुकानमालकांनी! ज्याने याचं बोट धरून याला शाळेत नेलं, ते दुकानमालक! पुढे अहवाल आला, मिरचीत रंग निघाला, शटरवर नोटीस लागली आणि तीन आठवडे अख्खी गल्ली ती मोठ्याने वाचत होती. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घेत होते.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दादाने सगळ्या बाजारात सांगून टाकलं होतं की माल वरूनच तसा आला, घाऊक व्यापाऱ्याने फसवलं आणि सख्ख्या भावाने विचारपूस न करता तोंडाला काळं फासलं. "एक दिवस येईल," तो म्हणायचा. "इथे माझ्यासमोर बसेल आणि म्हणेल, दादा, माझं चुकलं. तोवर त्याचं नाव या घरात काढायचं नाही." आणि मग तासभर धाकट्याविषयीच बोलायचा.

आता धाकट्याची बदली झाली होती. पार दुसऱ्या टोकाला, जायलाच दोन दिवस लागतील अशा गावी, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच. सोमवारी निघायचं होतं. त्याने वहिनीला फोन केला, जायच्या आधी एकदा येऊन जातो म्हणाला. वहिनीने दादाला सांगितलं. "येऊ दे की, मी काय दार अडवून बसलोय?" असं म्हणून दादा खाली गेला आणि त्या दिवशी त्याने तीन गिऱ्हाइकांना साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

"करणार म्हणजे काय करणार तुम्ही?" वहिनीने विचारलं.

"उत्तमातलं उत्तम. आणि एक सांगून ठेवतो. आपल्या दुकानातला एक दाणा या स्वयंपाकात पडता कामा नये."

"किराणा दुकानदाराच्या घरी बाहेरचा किराणा?"

"मीठसुद्धा बाहेरचं. त्याला बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही. मुकाट्याने खाईल, आणि मग..."

"आणि मग म्हणेल, दादा, माझं चुकलं," वहिनीने वाक्य पुरं केलं. सहा वर्षांत ते तिचं पाठ झालं होतं.

तर शनिवारी दोघं काचबाजारात गेले. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळं काचेचंच, म्हणून लोक काचबाजार म्हणायचे. आत शिरताच थंडी वाजते. भाज्या ओळीत झोपवलेल्या असतात आणि दर पाच मिनिटांनी त्यांच्यावर बारीक फवारा उडतो, म्हणजे त्यांना उकडू नये. माशांना बर्फ, चीजला स्वतंत्र खोली, आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूलसुद्धा नाही. विक्रेते पांढरे हातमोजे घालून हिंडत होते. त्यातला एक यांच्या मागे लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

"सर, हे ट्रफल," त्याने काचेच्या घुमटाखालची एक काळी, खडबडीत गाठ दाखवली. "जमिनीखाली उगवतं. कुत्री वास घेऊन शोधतात."

"कुत्र्यांना काय झालंय न शोधायला," वहिनी हळूच म्हणाली. "त्यांना विकत थोडंच घ्यायचंय."

दादाने ट्रफल घेतलं. मोरेल नावाची जाळीदार मशरूम घेतली, ती पाहून वहिनीला आपल्या न्हाणीघरातला जुना स्पंज आठवला. एक भलामोठा समुद्री मासा घेतला, तो दोघांपेक्षा जास्त रुबाबदार दिसत होता. व्हॅनिलाच्या दोन शेंगा एका काचेच्या नळीत होत्या, त्या घेतल्या. खवल्याखवल्यांचं समुद्री मीठ घेतलं. आणि सुती पिशवीतला तांदूळ घेतला, ज्याच्यावर त्या तांदळाचं चरित्रच छापलं होतं, कुठल्या डोंगराचं पाणी पिऊन तो लहानाचा मोठा झाला वगैरे. वहिनीने पिशवीच्या कोपऱ्यातून एक दाणा काढून चावला.

"अहो, हा आपल्या दुसऱ्या पोत्यातला."

"काहीतरीच काय!"

"चावून बघा."

दादाने चावला. दुसऱ्याच पोत्यातला होता. "वेगळा आहे," तो म्हणाला आणि पिशवी ढकलगाडीत ठेवली. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल असते असंही कुणी म्हटलेलं नाही.

शेवटी केशर. मखमली डबी, आत काचेची कुपी, कुपीत लालभडक काड्या, आणि डबीला रेशमी दोऱ्याने बांधलेलं शुद्धतेचं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्क्यासकट. दादाची बोटं सवयीने शिवशिवली. काडी चोळून बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात केशर घेतलं नव्हतं. त्याने कुपीकडे हात नेला.

"सर, प्लीज. हाताने नाही," हातमोजेवाला म्हणाला.

जो घाऊक व्यापारी मालाला हात लावू देणार नाही, त्याला दादाने दुकानाच्या पायरीवरूनच हाकलला असता. पण इथे चकचकीत फरशी होती, बारीक संगीत वाजत होतं, आणि आजूबाजूची माणसं किंमत न विचारता वस्तू उचलत होती. दादाने हात मागे घेतला. वर "सॉरी" म्हणाला. चाळीस वर्षं किराणा विकलेला माणूस प्रमाणपत्र वाचून केशर घेऊन आला. गल्लीत शिरताना सगळ्या पिशव्यांवर वर्तमानपत्र टाकलं होतं, कारण उद्या गिऱ्हाईक विचारेल, दादा, तुम्ही मीठ कुठून आणता?

रविवारी सकाळी सहा वाजता दादा कंबर कसून उभा राहिला. म्हणजे वहिनीचा एप्रन बांधला, तो मागे पुरला नाही म्हणून सुतळीने जोडला, आणि काचबाजारातून फुकट मिळालेलं गुळगुळीत पाककृतीचं पुस्तक मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं. वहिनी सांगितल्याप्रमाणे खुर्चीवर बसून राहिली. हात बांधून गंमत बघायचं भाग्य तिला एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मिळत होतं, ती कशाला सोडते!

ट्रफल कापलं आणि घरभर वास सुटला. वहिनी ताडकन उठली. "गॅस चालू राहिलाय!"

"गॅस नाही, ट्रफल आहे."

"मग खिडकी तरी उघडा."

दादाने ट्रफल बटाट्यासारखं सोललं, कांद्यासारखं चिरलं आणि गरम लोण्यात खरपूस परतलं. मग पान उलटलं. पलीकडच्या पानावर लिहिलं होतं, शिजवू नये, वाढताना वरून पातळ काप किसावेत. तोवर त्या राजेशाही गाठीचा वास, चव आणि किंमत खिडकीवाटे निघून गेली होती आणि कढईत कोळशाचे तुकडे उरले होते. मोरेल भिजवून धुवायची असतात, जाळीत वाळू अडकलेली असते. दादाने ती नुसती पुसली. "एवढ्या महागाच्या वस्तूत वाळू कशी असेल?" हा त्याचा सवाल होता आणि त्यावर वाळूने काही उत्तर दिलं नाही. कस्टर्डच्या दुधात व्हॅनिलाच्या शेंगा अख्ख्याच टाकल्या, तर त्या दोन तास नुसत्या पोहत राहिल्या. मासा ओव्हनमध्ये मावेना म्हणून त्याची शेपूट कापली, मग डोकं कापलं. मग जे मधलं उरलं ते कुठल्याही माशाचं असू शकलं असतं.

"नाकापेक्षा मोती जड," वहिनी म्हणाली.

"तू बसलीयेस ना? बस मग."

सव्वाबारा वाजले. भात तयार होता, मोरेल त्यात पडली होती, फक्त वरून केशराचं पाणी घालायचं बाकी होतं. दादाने वाटीत कोमट पाणी घेतलं, मखमली डबी उघडली आणि कुपीतल्या काड्या पाण्यात सोडल्या.

पाणी तत्क्षणी लाल झालं.

दादा वाटीकडे बघत राहिला. अस्सल केशराला घाई नसते. ते पंधरा मिनिटं घेतं, हळूहळू पिवळं सोनं सोडतं आणि काडी शेवटपर्यंत लालच राहते. इथे काड्या मिनिटभरात पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्याने एक काडी उचलून बोटांत चोळली. बोटं रंगली, वास कशाचाच नाही. कसल्यातरी फुलाचे तंतू, रंगवलेले. सोनेरी शिक्का मात्र अस्सल होता.

"काय झालं?" वहिनी उठून आली. तिने वाटी पाहिली. किराणा दुकानदाराची बायको ती, तिला सांगायला लागलं नाही. "खोटं आहे हो हे."

"दिसतंय मला."

"मग खाली जा, आपल्या ड्रॉवरमधलं आणा. आपलं अस्सल आहे."

ते मात्र खरं होतं. त्या नोटिशीनंतर सहा वर्षांत दादाच्या दुकानात चिमूटभर खोटा माल आला नव्हता. धाकट्याने केलेलं एवढं काम तरी दादाने मनात का होईना मान्य करायला हरकत नव्हती. पण सुंभ जळेल, पीळ कसा जाईल?

"आपल्या दुकानातलं नको," दादा म्हणाला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. हे चिन्ह कधीच चांगलं नसायचं. "अगं, उलट हे बरंच झालं! तो घास घेईल, पटकन ओळखेल आणि म्हणेल, हे केशर खोटं आहे. मग मी हे प्रमाणपत्र समोर टाकीन. म्हणेन, बघ! एवढ्या मोठ्या बाजारातून, शिक्क्यासकट आणलं, तरी फसलो. माणूस असा फसतो! तेव्हाही असाच फसलो होतो! मग काय बोलेल? बोलायला तोंड राहील?"

वहिनीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि तो रंग त्याच्या पोटात घालणार तुम्ही?"

"चार घास तर खाईल. रंगाने कुणी मरत नाही."

"हे मी आधीही ऐकलंय," वहिनी म्हणाली. "याच शब्दांत. मिरचीचं पोतं उघडलंत त्या दिवशी."

दादाने वाटीतलं पाणी ढवळलं. काही गोष्टी घरात दोघांनाच माहीत असतात आणि दोघांपैकी कुणी त्या काढायच्या नाहीत असं ठरलेलं असतं. कधी ठरलं ते कुणालाच आठवत नाही.

"मिरची वेगळी," तो म्हणाला.

"हो का? खाई त्याला खवखवे." वहिनी पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. आता तिला गंमत वाटत नव्हती.

दादाने लाल पाणी भातावर ओतलं.

धाकटा बरोबर एक वाजता आला. सहा वर्षांत त्याचे केस पिकले होते आणि गालफडं बसली होती. दादाने मनात म्हटलं, खात नाही वाटतं नीट. तोंडाने म्हणाला, "ये. चप्पल तिथे काढ." सहा वर्षांनी भेटलेल्या भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. धाकट्याने चप्पल काढली, वहिनीला नमस्कार केला, दादापुढे वाकायला गेला तर दादा नेमका तेव्हाच पाणी आणायला वळला.

तिघं जेवायला बसले. दादा एकेक पदार्थ वाढताना त्याचं कुळ सांगत होता. हे ट्रफल, कुत्री शोधतात. ही मोरेल, डोंगरात मिळतात. मीठ बघ, खवले आहेत खवले. पूर्वी धाकटा जेवायला बसला की आधी वास घ्यायचा, मग बोटावर चव, मग दाण्यादाण्याकडे टक लावून बघायचा. वहिनी चिडवायची, "भाऊजी, नापास केलंत तरी जेवून उठा हं!" आज तो कशाचा वास घेत नव्हता. मान खाली घालून जेवत होता. ट्रफलचा कोळसा चावला, "छान" म्हणाला. मोरेलमधली वाळू कचकन वाजली ती समोरच्या दोघांना ऐकू आली. तरी "छान." कस्टर्डमधून अख्खी शेंग निघाली, ती त्याने ताटाच्या कडेला नीट ठेवली आणि पुन्हा "छान."

दादाला राहवेना. प्रमाणपत्र खिशात कधीचं तयार होतं.

"भाताचं सांग की. केशर बघ केशर!"

धाकट्याने भाताकडे पाहिलं. एकच क्षण, पण दादाने तो पकडला. धाकट्याची नजर एका दाण्यावर थांबली. दाणा पिवळा नव्हता, वरपासून खालपर्यंत एकसारखा शेंदरी होता. केशर पाण्यात टाकून वाट बघायची असते, हे या पोराला सात वर्षांचा असताना दादानेच दुकानाच्या फळीवर बसवून शिकवलं होतं. त्याला कळलं होतं. शंकाच नको.

आता बोल, दादा मनात म्हणाला. बोल, नमुनेसाहेब.

धाकट्याने भाताचा घास घेतला, चावला, गिळला.

"अस्सल आहे," तो म्हणाला. "सुरेख लागलंय, दादा."

प्रमाणपत्र खिशातच राहिलं. दादाला आधी आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. हा माणूस खोटं बोलतो? ज्याने साहेबाच्या साहेबासाठी एक ओळ बदलली नाही, बाजारातल्या निम्म्या लोकांचे शिव्याशाप घेतले, तो? बेत फसला याचा राग आलाच, पण त्याच्या खालून दुसरा, सहा वर्षांचा जुना राग उसळून वर आला.

"खोटं बोलतोस तू," दादा म्हणाला.

"दादा, जेव ना."

"खोटं आहे ते केशर! तुला कळलंय! आज माझ्या तोंडावर अस्सल म्हणतोस, मग त्या वेळी काय झालं होतं रे? एक शब्द होता. एवढाच एक शब्द! तेव्हा तुझी जीभ का नाही वळली?"

"अहो," वहिनी म्हणाली.

"तू थांब. बोलू दे त्याला."

धाकट्याने चमचा खाली ठेवला. "तेव्हा ते गिऱ्हाईक खाणार होतं, दादा," तो म्हणाला. "हे मीच खातोय."

त्याच्या आवाजात जरासुद्धा चढ नव्हता.

"आणि मी भांडायला नाही आलो," धाकटा पुढे म्हणाला. आता तो ताटाकडेच बघत होता. "रंग निघाला तो निघाला. तो मी लपवला नसता, आजही लपवणार नाही. पण तू फसला होतास. अहवालाखाली एक रकाना असतो. दुकानदाराला कल्पना नव्हती असं वाटलं तर तसं लिहिता येतं. मग नोटीस घाऊक व्यापाऱ्याला जाते, दुकानाला लागत नाही. मी तो रकाना कोरा ठेवला. भावाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. स्वतःचं नाव जपलं मी, आणि तुझं नाव शटरवर चिकटवलं. ज्या दुकानावर वाढलो त्याच्याच शटरवर. सहा वर्षं ते मला खातंय. रात्र रात्र डोळा लागत नाही. दादा, माझं चुकलं."

घ्या. आलं. जसंच्या तसं आलं, शब्दही तेच. या वाक्यासाठी दादा सहा वर्षं थांबला होता, आणि त्यावर काय म्हणायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. थोडा वेळ गप्प बसायचं, मग मोठ्या मनाने हात वर करून म्हणायचं, जाऊ दे, लहान आहेस. न्हाणीघरात आरशासमोर कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. आता फक्त तोंड उघडायचं होतं. धाकटा उद्या जाईल, हलक्या मनाने जाईल, बाजारात दादा मान ताठ करून सांगेल, आला होता, पाया पडून गेला. वहिनी कधी बोलणार नाही. मिरचीचं पोतं तर तपासणीनंतर केव्हाच जाळून टाकलं होतं.

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी टेबलाकडे बघत होती.

धाकट्याने डोळे पुसले, चमचा उचलला आणि पुन्हा तो शेंदरी भात खायला लागला. दादाने केलाय म्हणून. मोठे मोठे घास घेत, वाळू कचकच चावत, खाली मान घालून तो ते विकतचं विष आवडीने खात होता. दादाचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने धाकट्यासमोरचं ताट ओढून घेतलं.

"खाऊ नकोस ते."

"असू दे रे, चार घासांनी काय होतंय?"

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

"केशराचं ना? ते कळलं मला. तुला कळलं नाही असं कसं होईल?"

"मिरचीचं."

धाकट्याचा हात तसाच टेबलावर राहिला, चमच्यासकट.

"पोतं उघडलं त्याच दिवशी कळलं होतं," दादा बोलत सुटला, कारण थांबला असता तर पुन्हा जमलं नसतं. "तळहातावर चोळली, पाणी लावलं, हात लालभडक. मी हात धुतला आणि पोतं पुढे मांडलं. मला कुणी फसवलं नव्हतं. तो रकाना तू कोरा ठेवलास ते बरोबर केलंस. भरला असतास तर खोटा भरला असतास. तुझं काही चुकलेलं नाही. एवढंसंही चुकलेलं नाही."

"आणि हे तू मला सहा वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू मला दुकानमालक म्हणालास," दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःची लाज वाटली.

धाकटा उठला. दादाला वाटलं, निघाला. त्याची चप्पल कुठे आहे तेही दादाने बघून घेतलं. पण धाकटा टेबलाला वळसा घालून आला, दादाच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने दादाच्या पाठीत सगळं बळ एकवटून एक गुद्दा घातला. लहानपणापासून आजवर त्याने दादावर कधी हात उगारला नव्हता.

"अजून मार," दादा म्हणाला.

धाकट्याने मारलं नाही. त्याने तिथेच दादाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला, आणि दादा मागे हात नेऊन, जिथे पोचेल तिथे, त्याच्या डोक्यावर थोपटत राहिला. वहिनीने उठून भाताची तिन्ही ताटं उचलून नेली.